आयटम उचलायचा की सोडायचा? प्लॅटफॉर्मवरच्या लढतीतले डाव आणि त्यांना तोड

  आजचा विषय वाचून काही पालकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. व्याख्यान म्हटलं की इतिहास, शेती, पाणी. त्यात हे मोबाइलमधल्या मारामारीचं काय काढलं? पण तासाभरानं त्या आठ्या थोड्या तरी सैल होतील, असं आम्हाला वाटतं.

विषय घ्यायचं कारण साधं आहे. आपल्याकडं संध्याकाळी पोरं कुठं बसलेली दिसतात? जिथं नेटवर्क येतं तिथं. देवळाच्या कट्ट्यावर, एखाद्या टेकाडावर, कुणाच्या तरी गच्चीवर. चौघांत दोन फोन असतात. त्यांच्या खेळांमधला एक प्रकार म्हणजे प्लॅटफॉर्मवरची लढत. या खेळात भांडण होतं ते बहुतेक वेळा एकाच गोष्टीवरून : आयटम चालू ठेवायचे की बंद? मोठी पोरं म्हणतात बंद. लहान म्हणतात चालू. शेवटी लहान उठून जातात किंवा त्यांना उठवलं जातं. म्हणजे प्रश्न दिसतो खेळातला, पण त्यातून ठरतं ते हे की कट्ट्यावर कोण बसणार आणि कोण नाही. म्हणून आज आम्ही दोन गोष्टी मांडणार आहोत. आयटम वापरायचे कसे आणि त्यांना तोड काय, ही पहिली. ते चालू ठेवावेत की बंद, हे ठरवायचं कसं, ही दुसरी.

हा खेळ आहे तरी कसला

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. पडद्यावर बाजूनं दिसणारं एक मैदान असतं. मैदान म्हणजे हवेत तरंगणारा एक मोठा चौथरा आणि त्याच्या वर एक-दोन लहान फळ्या. त्यावर दोन किंवा चार गडी लढतात. नेहमीच्या लढाईच्या खेळात प्रत्येकाच्या नावावर ताकदीची पट्टी असते, ती संपली की गडी बाद. इथं तसं नाही. इथं मार बसला की तुमचं नुकसान वाढत जातं, आणि नुकसान जितकं जास्त तितके पुढच्या फटक्याला तुम्ही लांब उडता. मैदानाच्या बाहेर, पडद्याच्या हद्दीपलीकडं गेलात की एक जीव गेला. म्हणजे जीव घेण्यापेक्षा हद्दीबाहेर घालवणं हा डाव. कबड्डी खेळलेल्याला हे लगेच कळेल. रेषेला किंमत आहे, रेषेच्या जवळ उभं राहणाऱ्याला धोका आहे.

हा प्रकार रुळला तो 'सुपर स्मॅश ब्रदर्स'मुळं. जपानमध्ये १९९९ साली निन्टेंडोनं तो आणला, घडवला 'हाल लॅबोरेटरी' या कंपनीनं, आणि त्याचा दिग्दर्शक होता मासाहिरो साकुराई. पुढं २००१ मध्ये 'मेली', २००८ मध्ये 'ब्रॉल' आणि २०१८ मध्ये 'अल्टिमेट' असे त्याचे भाग आले. हे सगळे निन्टेंडोच्या यंत्रावर चालतात आणि ते यंत्र आपल्या गावात कुणाकडं असणं कठीणच. आपली पोरं खेळतात तो 'ब्रॉलहाला'. तो 'ब्लू मॅमथ गेम्स' या अमेरिकी कंपनीचा, २०१७ मध्ये पूर्ण रूपात आला, २०२० मध्ये मोबाइलवर उतरला. उतरवून घ्यायला पैसे लागत नाहीत, आणि मोबाइलवाला संगणकवाल्याशी खेळू शकतो. त्यामुळं आम्ही आज विद्या 'स्मॅश'मधून घेणार आहोत, कारण आयटमचं शास्त्र तिथं वाढलं, आणि उपयोग 'ब्रॉलहाला'त दाखवणार आहोत, कारण तो आपल्या खिशात आहे.

आयटम म्हणजे काय

लढत चालू असताना मैदानावर मधूनच एखादी वस्तू पडते. तो आयटम. 'स्मॅश'मध्ये त्याचे ढोबळ पाच प्रकार करता येतात. हातात धरून मारायचे : बॅट, किरणांची तलवार, हातोडा. फेकायचे : चालता बॉम्ब, जमिनीला चिकटून बसणारा सुरुंग. खायचे : टोमॅटो वगैरे, ज्यानं नुकसान कमी होतं. फोडायचे : खोकी, पिंप, डब्या, ज्यांतून दुसरा आयटम निघतो आणि कधी कधी स्फोटच होतो. आणि बोलावणीचे : चेंडू फेकला की त्यातून मदतनीस निघतो आणि तुमच्या बाजूनं लढतो.

यातली मेख अशी, की आयटम कुणाचाच नसतो. जो उचलेल त्याचा. आणि त्यानं फेकला की पुन्हा कुणाचाच नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, आजचं अर्धं व्याख्यान त्यात आहे.

आयटमच्या चार अवस्था असतात. पहिली, तो जमिनीवर पडलेला आहे. दुसरी, कुणाच्या तरी हातात आहे. तिसरी, हवेत उडतो आहे. चौथी, लागून किंवा हुकून पुन्हा खाली पडला आहे. नवीन खेळाडूचं सगळं लक्ष दुसऱ्या अवस्थेवर असतं : मिळाला, आता मारतो. मुरलेला खेळाडू पहिल्या आणि चौथ्या अवस्थेवर लढत जिंकतो. का, ते बघू.

पडलेला आयटम हे आमिष आहे

मैदानाच्या मधोमध बॅट पडली. तुम्ही डावीकडं, प्रतिस्पर्धी उजवीकडं. दोघं धावता. जो आधी पोचतो तो वाकतो, आणि उचलण्याच्या त्या क्षणात त्याला दुसरं काही करता येत नाही. तिथं त्याला मार बसतो.

गळ टाकून बसलेला माणूस माशाच्या मागं पाण्यात उतरत नाही. मासा कुठं येणार हे त्याला ठाऊक असतं. पडलेला आयटम तसाच. प्रतिस्पर्धी पुढच्या क्षणी कुठं येणार, हे तो तुम्हाला फुकटात सांगतो. म्हणून पहिला नियम : आयटमकडं बघू नका, आयटमकडं येणाऱ्याकडं बघा. तो जवळ असेल तर त्याला उचलायला जाऊ द्या आणि तिथं गाठा. तो लांब असेल, म्हणजे तुम्ही उचलून सरळ उभं राहीपर्यंत तो पोचणार नसेल, तरच उचला.

दुसरा नियम जागेचा. आयटम कडेला पडला असेल तर त्याच्यासाठी कडेला जाणं बहुधा तोट्याचं. तुमच्या पाठीशी दरी, समोर गडी. आयटम हातात येतो, पण मैदानाचा मधला भाग जातो, आणि या खेळात मधली जागा हीच मोठी दौलत आहे. अशा वेळी आयटम त्याला घेऊ द्यावा आणि आपण मध्य धरावा.

हातात आला, आता काय

हातात आयटम असणं ही ताकद आहे आणि ओझंही आहे. 'स्मॅश'मध्ये हातात फेकायची वस्तू असली की नेहमीच्या फटक्याचं बटण दाबल्यावर फटका बसत नाही, वस्तू फेकली जाते. आणि वस्तू हातात असेपर्यंत प्रतिस्पर्ध्याला पकडून आपटता येत नाही. आता तोड काढा. या खेळात ढाल लावून उभ्या राहिलेल्या गड्यावर मुख्य उपाय म्हणजे पकड. समोरच्याच्या हातात बॉम्ब आहे, म्हणजे तो पकडू शकत नाही, म्हणजे तुमची ढाल नेहमीपेक्षा सुरक्षित आहे. बॉम्ब दिसला की आपण घाबरून पळतो. खरं तर त्या क्षणी त्याचा एक हुकमी डाव कमी झालेला असतो.

हातोडा तर याचं उत्तम उदाहरण. तो हातात आला की गडी आपोआप दणादण आपटत सुटतो, समोर कुणी आला तर उडालाच. पण हातोडा चालू असेपर्यंत त्याला टाकता येत नाही, दुसरा फटका मारता येत नाही, हवेत दुसरी उडी घेता येत नाही. कधी तर हातोड्याचं डोकंच निखळून पडतं आणि हातात नुसता दांडा फिरत राहतो. तोड सोपी आहे : अंतर ठेवा, वरच्या फळीवर जा, लांबून काही फेकता येत असेल तर फेका, आणि तो कडेबाहेर पाऊल टाकेल याची वाट बघा. दुसरी उडी नसलेला माणूस कडेबाहेर गेला तर परत येणं अवघड.

बॅटचं तसंच. तिचा जोराचा टोला बसला तर नुकसान कमी असतानाही गडी हद्दीपार जातो. पण तो टोला मारायच्या आधी अंग मागं घ्यावं लागतं आणि त्यात वेळ जातो. म्हणून मुरलेला खेळाडू बॅट घेऊन टोला मारत बसत नाही. तो ती फेकतो, कारण फेकलेली बॅटही जोरात लागते आणि फेकायला वेळ लागत नाही.

यावरून वापराचा नियम : आयटमचा सर्वांत मोठा फटका बहुतेक वेळा सर्वांत संथ असतो. तो समोरचा अडकलेला असतानाच मारायचा. एरवी फेकणं बरं. आणि फेकायचं ते लागावं म्हणूनच असं नाही. तुम्ही फेकलं की समोरच्याला काहीतरी करावंच लागतं. उडी मारेल, ढाल लावेल, बाजूला सरकेल. फेकण्याच्या मागोमाग धावत जा आणि त्यानं जे केलं त्याचं उत्तर द्या. क्रिकेटमध्ये फलंदाजाला मागं रेटून पुढचा चेंडू यॉर्कर टाकतात, तसंच हे.

तोडीचे सहा मार्ग

आता आयटम तुमच्या अंगावर येतो आहे. काय काय करता येतं?

एक, जागा सोडणं. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी वापरला जाणारा उपाय. दोन, ढाल लावणं, जिथं ढाल आहे तिथं. पण ढाल झिजते, आणि काही वस्तू ढालीलाच जास्त खातात, म्हणून सारखी लावून चालत नाही. तीन, चकवणं, म्हणजे क्षणभर मार लागणार नाही अशी हुलकावणी. चार, झेलणं. 'स्मॅश'मध्ये उडत आलेली वस्तू नेमक्या क्षणी बटण दाबून हातात घेता येते, आणि मग तीच परत पाठवता येते. पाच, परतवणं. काही पात्रांकडं खास आरसा असतो. फॉक्स नावाच्या पात्राचा आरसा आलेली वस्तू जास्त जोरानं उलट पाठवतो. सहा, नासवणं. वस्तू उचलून मुद्दाम मैदानाबाहेर फेकून द्यायची. आपल्याला नको, त्यालाही नको.

हा सहावा मार्ग पोरांना कमीपणाचा वाटतो. वाटू नये. तुमचा हात आयटमवर बसलेला नाही आणि समोरच्याचा बसला आहे, तर वस्तू मैदानात राहण्यात फायदा त्याचाच.

केळ्याच्या सालीची गोष्ट इथं सांगण्यासारखी आहे. 'ब्रॉल'मध्ये डिडी काँग हे माकडाचं पात्र दोन केळी स्वतःच काढून मैदानात टाकू शकायचं. पाय पडला की घसरलात. पुढच्या भागांत ती दोनाची एक करण्यात आली. पण दोन केळी असतानाही तोड होतीच : ते केळं समोरचाही उचलू शकतो. म्हणून डिडीविरुद्ध खेळणारे चांगले खेळाडू केळ्यापासून पळत नसत, त्यातलं एक आपल्या ताब्यात ठेवत. दोन केळी टाकणारा मग स्वतःच्याच अंगणात जपून पावलं टाकायचा. आयटम कुणाचाच नसतो, तो हा असा.

आता 'ब्रॉलहाला'

इथं आयटमचा अर्थ थोडा बदलतो. इथं मुख्य आयटम म्हणजे हत्यार. प्रत्येक पात्राला दोन प्रकारची हत्यारं चालवता येतात. मैदानात हत्यार पडतं, ते तुम्ही उचललं की तुमच्या दोनपैकी एक हातात येतं. तलवार, भाला, कुऱ्हाड, धनुष्य, तोफ असे प्रकार आहेत. त्यात कट्यारही आहे, दोन्ही हातांत एकेक. कट्यार म्हणजे आपल्याकडचंच हत्यार, नावासकट तिकडं गेलेलं. शिवाय बॉम्ब, काटेरी गोळा, सुरुंग अशा फेकायच्या वस्तूही असतात.

दोन फरक ध्यानात घ्या. पहिला, इथं ढाल नाही. बचाव म्हणजे फक्त हुलकावणी, पोरं तिला 'डॉज' म्हणतात. आणि एकदा डॉज वापरला की तो पुन्हा मिळायला थोडा वेळ लागतो, हवेत असताना जास्तच. दुसरा, नुकसान आकड्यात दिसत नाही, रंगात दिसतं. पांढऱ्यापासून सुरू होऊन पिवळा, नारिंगी, लाल असं गडद होत जातं.

या दोन फरकांतून डाव निघतात. समोरचा हवेत आहे, मैदानाकडं परत यायला बघतो आहे. तुमच्या हातात हत्यार आहे. ते त्याच्यावर फेका. लागलं तर तो आणखी बाहेर गेला. त्यानं डॉज केला तर त्याचा डॉज खर्च झाला, आता तुम्ही जाऊन मारा. दोन्हीकडून फायदा तुमचा. तोड काय? पहिल्या फेकीला डॉज देऊ नका. दिशा बदला, उडी शिल्लक असेल तर उडी वापरा, थोडं खाली जाऊन वर या. लहान नुकसान अंगावर घेतलेलं चालेल, पण डॉज राखून ठेवा. पावसाळ्याआधी घरात चार दिवसांचं सरपण राखून ठेवतात, तसा शेवटचा डॉज राखायचा.

दुसरा डाव उपाशी ठेवण्याचा. समोरच्याचं हत्यार गेलं, तो रिकाम्या हातानं आहे. नवीन हत्यार पडलं. ते तुम्ही उचलायची गरज नाही, तुमच्या हातात एक आहेच. फक्त त्या हत्याराच्या आणि त्याच्या मधे उभे राहा. तो मोकळ्या हातानं मारू शकतो, पण त्याची पोच कमी. तो घाईत हत्याराकडं झेपावतो आणि चुकतो. याला तोड अशी, की हत्याराचा नाद सोडून मोकळ्या हातानंच खेळायची सवय ठेवा. मोकळ्या हाताचे फटके चपळ असतात. ज्याला हत्याराशिवाय दोन मिनिटं टिकता येतं, त्याला कुणी उपाशी ठेवू शकत नाही. आम्ही तर म्हणतो, सरावाचे पहिले चार-पाच सामने हत्यार न उचलताच खेळा.

लॅग आणि आपली गावं

आता शहरातले तज्ज्ञ सांगत नाहीत ती गोष्ट. हे खेळ सेकंदाला ६० चित्रं दाखवतात. एक चित्र म्हणजे सेकंदाचा साठावा भाग, सुमारे १६.७ मिलिसेकंद. काहीतरी दिसल्यावर बोट हलायला माणसाला साधारण पाव ते एक पंचमांश सेकंद लागतो, म्हणजे १२ ते १५ चित्रं. आता त्यात नेटवर्क मिळवा. पिंग १२० दाखवत असेल तर आणखी सुमारे ७ चित्रांचा उशीर. म्हणजे समोरच्यानं फेकलेला भाला २० चित्रांच्या आत तुमच्यापर्यंत पोचत असेल, तर तो बघून चुकवणं तुमच्या हातात नाहीच. यात पोराचा दोष नाही, हे गणित आहे.

डोळखांबकडच्या किंवा माळशेजच्या पायथ्याच्या वाडीत बसून खेळणाऱ्यानं यातून काय घ्यावं? तोडीचे सहा मार्ग पुन्हा आठवा. झेलणं, परतवणं, नेमक्या क्षणी चकवणं, हे बघून करायचे मार्ग आहेत. ते लॅगमध्ये मरतात. जागा सोडणं, मध्य धरणं, हत्याराच्या आड उभं राहणं, वस्तू नासवणं, हे आधीच करायचे मार्ग आहेत. ते लॅगमध्येही चालतात. म्हणून नेटवर्क कमजोर असेल तर अंतर ठेवून खेळा, म्हणजे फेकलेल्या वस्तूला पोचायला वेळ लागेल. आणि आधीच अंदाज बांधा : हा खेळाडू हत्यार कधी फेकतो? मी कडेला असताना? मी उडी मारल्यावर? दोन-तीन वेळा बघितलं की कळतं. ज्याचं नेट कच्चं त्याला माणूस वाचायला शिकावं लागतं. कुठल्याही खेळात ते वायाला जात नाही.

चालू की बंद

आता मूळ भांडणाकडं येऊ. जगभरातही हे भांडण झालेलं आहे. २००८ मध्ये अमेरिकेत लास वेगासला इव्हो या मोठ्या स्पर्धेत 'ब्रॉल' आयटम चालू ठेवून खेळवला गेला आणि त्यावरून स्पर्धकांत बराच वाद झाला. पुढं मोठ्या स्पर्धांत आयटम बंद ठेवण्याची रीत पक्की झाली. कारण उघड आहे. बक्षिसाच्या सामन्यात तुम्ही फटका मारायला आणि तिथंच स्फोटाचं खोकं उगवायला एक गाठ पडली, तर सहा महिन्यांचा सराव गेला. नशीब कमी व्हावं म्हणून आयटम गेले. पण पीच या पात्राचे सलगम किंवा डिडीचं केळं, म्हणजे पात्रानं स्वतः काढलेल्या वस्तू, राहिल्या. त्यांना कौशल्य लागतं म्हणून.

स्पर्धेपुरतं हे बरोबर आहे. पण कट्ट्यावर सगळे सारखे असतात का? एका घरात फोन एक आणि पोरं तीन. थोरल्याला रात्री तासभर मिळतो. मधल्या बहिणीला पाणी भरून, भाकरी झाल्यावर पंधरा मिनिटं. धाकट्याला जेव्हा इतर दोघं देतील तेव्हा. भाताच्या लावणीच्या दिवसांत तर काहींना महिनाभर फोन दिसत नाही. आयटम बंद केले की उरतो निव्वळ सराव, आणि सराव ज्याला वेळ मिळाला त्याचाच. मग निकाल आधीच ठरलेला. आयटम चालू असले की धाकट्याच्या हातात कधीतरी बॉम्ब येतो आणि थोरला उडतो. तो एक क्षण त्याला उद्या पुन्हा कट्ट्यावर आणतो.

उलट बाजूही ऐका. जी मुलगी खरोखर मन लावून शिकली, तिला प्रत्येक वेळी नशिबानं हरवलं तर तीही उठून जाईल. म्हणजे दोन्ही बाजूंना न्याय आहे. मग ठरवायचं कसं?

आपल्याकडं याचं उत्तर आधीपासून आहे. अंडरआर्म क्रिकेट आठवा. प्रत्येक मैदानाचे नियम वेगळे. शेतात गेला तर दोनच धावा, भिंतीवर थेट लागला तर बाद, एक टप्पा एक हात. हे नियम कुठल्या पुस्तकात नाहीत. पण टॉसच्या आधी ते मोठ्यानं बोलले जातात, आणि मग कुणी कुरकुर करत नाही. आयटमचं तेच करा. खेळाच्या खासगी खोलीत सेटिंग बदलता येतात. आम्ही तीन पातळ्या सुचवतो. दोन तुल्यबळ खेळाडूंची ईर्ष्येची लढत असेल तर फेकायच्या वस्तू बंद. मोठे-लहान एकत्र असतील तर वस्तू चालू, पण प्रमाण कमी. नुसती मजा असेल तर सगळं चालू आणि निकाल कुणी लिहायचा नाही. मात्र दोन अटी. नियम सामन्याच्या आधी बोलायचा, हरल्यावर नाही. आणि नियम ठरवताना सगळ्यांत कमी खेळलेल्याला पहिलं विचारायचं.

श्रोत्यांचे प्रश्न

एका मुलानं विचारलं, की आयटम वापरून जिंकणं म्हणजे चीटिंग नाही का? बाळा, आधी ठरलेलं असेल तर नाही. शिवाय आज आपण बघितलं, की आयटम पडणं नशीब आहे, पण उचलायचा की सोडायचा, फेकायचा कधी, चुकवायचा कसा, यात नशीब नाही. पाऊस पडणं आपल्या हातात नसतं, बांध घालणं असतं.

एक ताई विचारतात, की यात पैसे जातात का? 'ब्रॉलहाला'त पैसे देऊन नवी पात्रं आणि पात्रांचे पोशाख घेता येतात, ताकद विकत मिळत नाही. काही पात्रं दर आठवड्याला आळीपाळीनं फुकट मिळतात, तेवढ्यात भागतं. पण ताई, फोनला बँकेचं खातं जोडलेलं असेल तर खरेदीला पासवर्ड लावाच. आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ ही वेगळी गोष्ट आहे. त्यांच्यावर २०२५ मध्ये केंद्र सरकारनं बंदीचा कायदा केला आहे. त्याची आणि याची गल्लत करू नका, पण पोरगा कुठला खेळतो ते मात्र बघून ठेवा.

दुसऱ्या एका काकांचा प्रश्न वेळेचा. मिनिटं मोजू नका काका, सामने मोजा. ‘अर्धा तास’ म्हटलं की सामना अर्ध्यावर तुटतो, समोरच्याचाही खोळंबा होतो आणि घरात वाद होतो. ‘तीन सामने’ म्हटलं की शेवट ठरलेला असतो.

शेवटचा प्रश्न एका मुलीचा. ती म्हणते, भाऊ नेहमी हरवतो, काय करू? त्याच्याशी एक करार कर. पुढचे दहा सामने तू फक्त एकच गोष्ट करायचीस : पडलेल्या हत्याराकडं बघायचं नाही, त्याच्याकडं बघायचं. तो कुठल्या हत्याराला झेपावतो, कधी फेकतो, पहिला डॉज कधी वापरतो, ते मनात टिपायचं. हरलीस तरी चालेल. अकराव्या सामन्याला त्याला विचार, आयटम चालू की बंद? तो काय उत्तर देतो त्यावरून तुला कळेल, की तो तुला आता किती घाबरतो.

 मुरबाडकडं जाणाऱ्यांनी गाडीची वेळ बघून घ्या.